उत्क्रांतीचें शास्त्र व आपला विश्वास

(तरुणसंघ व शब्बाथशाळेचे शिक्षक ह्यांच्याकरितां पाठ)

ह्या पाठापूर्वीं उत्पत्तीचा पहिला अध्याय, ईयोबाच्या पुस्तकाचे ३८ व ३९ हे अध्याय, १०४ वें स्तोत्र आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा ८ वा अध्याय हे सावकाश वाचावेत.

आपल्या मराठी भाषेंत 'शास्त्र' हा एकच शब्द दोन ठिकाणीं चालतो. रविवारीं उपासनेंत आपण पवित्र शास्त्र उघडतों, आणि सोमवारीं आपलीं मुलें शाळेंत जाऊन जीवशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकतात. शब्द एकच असल्यामुळें मुलांस सहज वाटतें कीं, ह्या दोन शास्त्रांनीं एकाच प्रश्नाचें उत्तर दिलें असून तीं उत्तरें एकमेकांशीं जुळत नाहींत. मग कोणी वडील माणूस त्यांस म्हणतो, "कॉलेजांत शिकवितात तें सारें खोटें, तें मानशील तर विश्वास गेला." इकडे वर्गांतील एखादा सोबती म्हणतो, "बायबल म्हणजे जुन्या काळच्या गोष्टी. आतां त्या कोण मानतो?" हे दोघे एकमेकांचे विरोधी खरे, पण एका गोष्टींत त्यांचें एकमत आहे: दोहोंपैकीं एकच धरावें व दुसरें टाकावें. ह्या एकमतामुळें पुष्कळ तरुणांचा विश्वास, कोणाशीं एक शब्दही न बोलतां, गळून पडतो. म्हणून हें एकमतच खरें आहे काय, हें आपणांस आज तपासून पाहावयाचें आहे.

१. उत्क्रांति म्हणजे काय?

प्रथम ज्या गोष्टीविषयीं बोलावयाचें ती नीट समजून घेणें हें प्रामाणिकपणाचें काम आहे. आजचीं माकडें पालटून माणसें झालीं, असें विज्ञान म्हणत नाहीं. सर्व सजीवांचे पूर्वज फार प्राचीन काळीं एक होते. पिढ्यान्‌पिढ्या जन्मजात लहान लहान फरक पडत गेले. ज्या फरकांमुळें प्राणी जगला व त्यास संतति झाली ते फरक पुढें टिकले. आणि अशा रीतीनें कोट्यवधि वर्षांत नाना जाती निपजल्या, असें त्याचें म्हणणें आहे. चार्लस डार्विन ह्यांनीं १८५९ सालीं आपल्या ग्रंथांत हें सविस्तर मांडलें.

विदर्भ व मराठवाडा ह्या भागांतील कपाशी करणाऱ्या बांधवांस ह्याचा दाखला पुस्तकांत शोधावयास नको. भारतांत २००२ सालीं बीटी कपाशीस परवानगी मिळाली. ह्या झाडांत बोंडअळीस मारक असें द्रव्य तयार होतें, आणि आरंभीं अळ्या मेल्याही. पण असंख्य अळ्यांत एखादी अशी निघते कीं, तिच्या जन्मजात ठेवणींत थोडासा फरक असल्यामुळें तें विष तिला बाधत नाहीं. बाकीच्या मरतात, ती वांचते, आणि पुढें तिचीच वीण वाढते. २०१० सालीं गुजराथेंतील कांहीं जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी वाणास जुमानीत नाहीं असें जाहीर झालें, आणि २०१७ च्या हंगामांत सुधारलेल्या वाणालाही न जुमानतां तिनें विदर्भांत जें नुकसान केलें तें शेतकरी विसरले नाहींत. शेताच्या कडेनें बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावाव्या असें सांगत, त्याचें कारणही हेंच होतें. तेथें साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचा दुसऱ्यांशीं संकर व्हावा, आणि विष पचविणाऱ्या अळ्यांचाच वंश माजूं नये. अळीची अळीच राहिली, हें खरें. पण ज्या रीतीनें फरक पडतात व टिकतात, ती रीत आपल्या डोळ्यांपुढें पंधरा वर्षांत घडली.

दुसरा दाखला आपल्या शरीरांतला आहे. शेळी किंवा कुत्रा ह्यांच्या शरीरांत क जीवनसत्त्व आपोआप तयार होतें. आपल्या शरीरांत होत नाहीं, म्हणून आपणांस आवळा, पेरू, लिंबू खावें लागतें. तें तयार करण्यास लागणारें जनुक आपल्या शरीरांत मुळींच नाहीं असें नव्हे. तें आहे, पण मोडक्या स्थितींत आहे. आणि वानरांतही तें असेंच मोडलेलें आढळतें. ज्यांनीं नव्या कराराच्या जुन्या हस्तलिखितांविषयीं कांहीं ऐकलें आहे, त्यांस ह्याचा अर्थ लागलीच कळेल. दोन प्रतींत एकाच ठिकाणीं एकच चूक दिसली, तर त्या दोन्ही एका मूळ प्रतीवरून उतरल्या असें विद्वान ठरवितात. शास्त्रज्ञ आपल्या व वानरांच्या समान पूर्वजांविषयीं असाच तर्क करितात, आणि असे दाखले एक दोन नसून पुष्कळ आहेत. ते सर्व लबाडीचे आहेत असें मुलांस सांगणें आपणांस शोभत नाहीं.

२. नागपुरच्या एका पाळकाचें उदाहरण

पृथ्वीच्या वयाविषयींचें ज्ञान हें विश्वासाच्या शत्रूंनींच उकरून काढलें, अशी कित्येकांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांनीं शाळा चालविली, सुवार्ता सांगितली, गोंड लोकांची भाषा व चालीरीति ह्यांचा अभ्यास केला, आणि वाटेनें जातां येतां ते हातोडीनें दगडही फोडून पाहत. नागपुरानजीक टाकळी येथें त्यांस व त्यांचे सोबती रॉबर्ट हंटर ह्यांस काळ्या पत्थराच्या थरांमध्यें गोड्या पाण्यांतील गोगलगायींच्या शिंपा, फळें व बिया ह्यांचे दगड झालेले अवशेष सांपडले. नागपुराच्या दक्षिणेस मांगली येथील खडकांत जलस्थलचर प्राण्याची एक कवटी मिळाली. लंडनचे शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन ह्यांनीं तिचें वर्णन करून त्या प्राण्यास ब्रॅकिऑप्स असें नांव दिलें.

ह्या गोगलगायी काय सांगतात तें पाहा. आपल्या देशावरील व घाटांतील काळा पत्थर हा भूमींतून वाहिलेल्या तप्त रसाचा झालेला आहे, आणि तो एकावर एक पायऱ्यांसारख्या थरांनीं रचलेला दिसतो. दोन थरांच्या मध्यें जर तळ्यांतील गोगलगायी व झाडांच्या बिया आहेत, तर पहिला रस निवून, त्यावर माती होऊन, पाणी सांठून, झाडें उगवून, जीव नांदल्यावर दुसरा रस आला, हें उघड आहे. असे थर आपल्या घाटांत कित्येक आहेत. हें काम आठ दिवसांत होत नाहीं. हे पत्थर सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांचे, मांगलीची कवटी सुमारें २५ कोटि वर्षांची आणि पृथ्वी सुमारें ४५४ कोटि वर्षांची, असें आज निरनिराळ्या रीतींनीं मोजून ठरलें आहे.

हिस्लॉपसाहेबांनीं हे दगड लपविले नाहींत, कीं त्यांच्या भीतीनें सुवार्ता सांगणें सोडलें नाहीं. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना, पूर आलेल्या नाल्यांत बुडून त्यांचा अंत झाला. नागपुरचें हिस्लॉप कॉलेज त्यांचेंच नांव चालवीत आहे. देवानें केलेली वस्तु नीट पाहिल्यानें देवाचा अपमान होत नाहीं, हा धडा त्यांच्या आयुष्यापासून घेण्यासारखा आहे.

३. उत्पत्तीचा पहिला अध्याय कसा वाचावा?

कोणी म्हणेल, "पण बायबलांत सहा दिवस लिहिले आहेत त्याचें काय?" हा प्रश्न डार्विनच्या फार आधींचा आहे. पवित्र ऑगस्टीन (इ. स. ३५४–४३०) ह्यांनीं उत्पत्तीवर टीका लिहितांना विचार केला कीं, सूर्य चौथ्या दिवशीं झाला, मग पहिले तीन दिवस आपल्या दिवसांसारखे कसे मोजावे? त्यांनीं असाही इशारा दिला कीं, आकाश व पृथ्वी ह्यांविषयीं ज्या गोष्टी विश्वास न ठेवणारेही निश्चित जाणतात, त्यांविषयीं ख्रिस्ती मनुष्य शास्त्राचें नांव घेऊन भलतेंच बोलूं लागला, तर लोक पुनरुत्थानाविषयीं त्याचें म्हणणें कां ऐकतील? हा इशारा सोळाशें वर्षांचा आहे.

आपल्या सुधारलेल्या मंडळ्यांचे गुरु जॉन कॅल्व्हिन ह्यांनीं १५५४ सालीं उत्पत्तीवर टीका प्रसिद्ध केली. सूर्य व चंद्र ह्यांस त्या अध्यायांत दोन मोठ्या ज्योति म्हटलें आहे; पण ज्योतिषी तर सिद्ध करितात कीं शनि हा चंद्राहून मोठा आहे. मग मोशे चुकला काय? कॅल्व्हिन म्हणतात, नाहीं. मोशेनें सामान्य माणसाच्या डोळ्यांस जसें दिसतें तसें लिहिलें, आणि ज्योतिष्यांची विद्याही निंद्य नसून उपयोगी आहे. ४००४ ह्या ख्रिस्तपूर्व वर्षीं सृष्टि झाली, हा आंकडा बायबलांतील नाहीं. आर्चबिशप अशर ह्यांनीं सतराव्या शतकांत वंशावळींवरून तें गणित केलें, आणि पुढें तें इंग्रजी बायबलांच्या समासांत छापूं लागले. समासांतील गणितास वचनाचा मान देणें बरोबर नव्हे.

मग तो अध्याय कशाविषयीं आहे? बाबेलच्या लोकांत सूर्य व चंद्र हे देव होते. त्यांच्या रागलोभावर मनुष्याचें सुखदुःख अवलंबून आहे असें ते मानीत. उत्पत्तीचा लेखक त्यांचें नांवही घेत नाहीं. ते देव नव्हेत, देवानें टांगलेले दिवे आहेत, एवढेंच तो सांगतो. सृष्टि ही कोणाच्या भांडणांतून झालेली नाहीं. ती एका देवाच्या इच्छेनें झाली. ती चांगली आहे. आणि मनुष्य, पुरुष व स्त्री, त्याच्या प्रतिरूपाचा आहे. ह्या चार सत्यांपैकीं एकही हातोडीनें किंवा सूक्ष्मदर्शकानें खोटें ठरत नाहीं, आणि खरेंही ठरविलें जात नाहीं. कारण तें त्या हत्यारांचें कामच नव्हे.

आदामाविषयीं प्रश्न निघेल. ह्या बाबतींत देवभीरु विद्वानांत एकमत नाहीं. कोणी त्यास देवानें निवडलेला मानवजातीचा प्रमुख मानितात, कोणी त्याच्या कथेंत सर्व मनुष्यांची कथा पाहतात, कोणी जुन्याच समजुतीस धरून आहेत. पण मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे आणि त्यानें पाप केलें आहे, ह्यांविषयीं ह्या सर्वांत वाद नाहीं. आणि तारणाची गरज ह्या दोहोंवरच उभी आहे. जो भाऊ सहा दिवस अक्षरशः मानितो त्यास कोणी हिणवूं नये; आणि त्यानेंही दुसऱ्यास अविश्वासी म्हणूं नये.

४. आसा ग्रे व डार्विन

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत आसा ग्रे (१८१०–१८८८) नांवाचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते. ते भाविक ख्रिस्ती व मंडळीचे नेमस्त सभासद होते. डार्विननीं आपला सिद्धान्त प्रसिद्ध करण्यापूर्वीं ज्या थोड्या मित्रांस कळविला त्यांत ग्रे हे होते. १८५७ सालच्या त्या पत्राचा भाग पुढच्या वर्षीं १ जुलै रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटींत वाचण्यांतही आला. ग्रंथ निघाल्यावर अमेरिकेंत त्याचा कैवार घेणाऱ्यांत ग्रे पुढें होते. १८६० सालीं त्यांनीं लेख लिहून दाखविलें कीं, हा सिद्धान्त मानणें व देवास सृष्टीचा कर्ता मानणें ह्यांत विरोध नाहीं. हे लेख डार्विननींच इंग्लंडांत पुस्तिकेच्या रूपानें छापविले. १८७६ सालीं ग्रे ह्यांनीं आपल्या लेखांचा संग्रह काढिला. त्यांत विज्ञानाच्या बाबतींत आपण डार्विनचे अनुयायी असून धर्माच्या बाबतींत नायसियाचा विश्वासांगीकार मानितों, असें त्यांनीं उघडपणें लिहिलें. आमच्या काळींही मानवी जनुकसंचाच्या मोठ्या कार्याचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स हे असेच आहेत. तें कार्य २००३ सालीं पुरें झालें, आणि २००६ सालीं त्यांनीं आपल्या विश्वासाविषयीं पुस्तक लिहिलें. तेव्हां दोहोंपैकीं एकच धरावें, हें म्हणणें ह्या माणसांच्या आयुष्यांनींच खोडून काढलें आहे.

५. खरा कठीण प्रश्न

परंतु येथें थांबलों तर पाठ अपुरा राहील. डार्विनचा विश्वास पृथ्वीच्या वयामुळें ढळला असें नव्हे. २२ मे १८६० रोजीं त्यांनीं ग्रे ह्यांस पत्र लिहून आपली अडचण कळविली. कुंभारीण माशी अळ्या धरून आणून घरट्यांत कोंडते, हें आपण भिंतीवर पाहतों. तिच्याच दूरच्या गोतांतील कांहीं माशा जिवंत अळीच्या अंगांत अंडीं घालतात, आणि पिलें त्या अळीस आंतून खात वाढतात. दयाळु व सर्वसमर्थ देवानें असा प्राणी हेतुपूर्वक केला असेल, हें मला पटत नाहीं, अशा अर्थाचें डार्विननीं लिहिलें. आणि हें अद्भुत विश्व केवळ आंधळ्या शक्तीचें फळ आहे असेंही म्हणवत नाहीं, असेंही त्यांनीं पुढें लिहिलें. ह्याच्या नऊ वर्षें आधीं, १८५१ सालीं, त्यांची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी आजारानें वारली होती. हा प्रश्न त्यांस पुस्तकांतून सुचला नव्हता, एवढें समजावें.

ग्रे ह्यांचें उत्तर असें होतें कीं, सृष्टींतील नासाडी व झगडा हीं एका मोठ्या कार्याचीं साधनें आहेत असें ह्या सिद्धान्तावरून दिसतें, म्हणून तीं अगदींच निरर्थक राहत नाहींत. बुद्धीस हें उत्तर कांहीं अंशीं पटतें. पण ज्या आईचें लेंकरूं तापानें गेलें तिला हें सांगून पाहा. तिला साधन नको, लेंकरूं पाहिजे.

येथें पवित्र शास्त्र आपणांस ग्रे ह्यांच्याही पुढें नेतें. १०४ व्या स्तोत्रांत तरुण सिंह भक्ष्यासाठीं गर्जतात, आणि तें भक्ष्य ते देवापाशीं मागतात. ईयोबास वावटळींतून उत्तर देतांना देव त्याला गाय व कबुतर दाखवीत नाहीं. सिंहीण, भुकेलेलीं कावळ्याचीं पिलें, आणि रक्त चोखणारीं गरुडाचीं पिलें दाखवितो. म्हणजे डार्विननीं जें पाहिलें तें शास्त्रकर्त्यांनींही पाहिलें होतें व तें झांकून ठेविलें नव्हतें. पौल तर स्पष्ट सांगतो कीं, सारी सृष्टि प्रसूतिवेदनांनीं कण्हत आहे, आणि आपणही तिच्याबरोबर कण्हतों. त्याला हें कण्हणें अमंगळ वाटत नाहीं. त्याच कण्हण्यांत आत्माही आपल्यासाठीं विनंति करितो असें तो म्हणतो.

आणि ह्याच्या पलीकडे वधस्तंभ आहे. ज्याच्या द्वारें सर्व कांहीं झालें, तो ह्या रक्तामांसाच्या सृष्टींत जन्मला, भुकेला झाला, थकला, आणि वेदनांनीं ओरडून मेला. दुःख कां आहे, ह्याचें सबंध उत्तर वधस्तंभ देत नाहीं. पण देव ह्या कण्हणाऱ्या सृष्टीच्या बाहेर आरामांत बसलेला आहे, असें त्यानंतर कोणास म्हणतां येत नाहीं. आपला विश्वास खडकांच्या वयाच्या खुंटीस बांधलेला नाहीं. तो ह्या एका गोष्टीस बांधलेला आहे; आणि ही खुंटी कोणत्याही शोधानें उपटली जाणार नाहीं.

६. दोन इशारे

पहिला इशारा उत्क्रांति मानणाऱ्यांस. सृष्टींत बलवान वांचतो, म्हणून समाजांतही दुबळ्यास मरूं द्यावें, असें पूर्वीं कित्येक शहाण्यांनीं मांडलें. १९२५ सालीं अमेरिकेंत डेटन गांवीं जॉन स्कोप्स नांवाच्या शिक्षकावर उत्क्रांति शिकविल्याबद्दल खटला झाला. त्या वर्गांतील क्रमिक पुस्तकांत हीन समजलेल्या कुटुंबांची वाढ थांबवावी अशी शिकवण होती, आणि १९२७ सालीं त्या देशाच्या वरिष्ठ न्यायालयानें दुर्बळ मनाच्या समजलेल्या लोकांस सक्तीनें वंध्य करण्याचा कायदा मान्य केला. फिर्यादीच्या बाजूनें उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन ह्यांस दुबळ्यांविषयीं वाटलेली भीति खरी होती. मात्र शिकविणेंच बंद करणें हा तिच्यावरचा उपाय नव्हता. सृष्टींत काय घडतें, ह्यावरून मनुष्यानें कसें वागावें हें ठरत नाहीं. तें ज्यानें हरवलेल्या एका मेंढरासाठीं नव्व्याण्णव सोडलीं त्याच्यापासून शिकावयाचें आहे.

दुसरा इशारा विज्ञानास भिणाऱ्यांस. जें विज्ञान म्हणतें कीं सर्व सजीव एका गोताचे आहेत, तेंच म्हणतें कीं सारी मनुष्यें अगदीं जवळचीं भावंडें आहेत. कोणत्याही दोन मनुष्यांचा जनुकलेख हजारांत सुमारें नऊशें नव्व्याण्णव भाग सारखाच असतो. जातीची उंची व नीचता रक्तांत कोठेंही लिहिलेली नाहीं. पौलानें अथेनै येथें हेंच सांगितलें होतें कीं, देवानें एकापासून मनुष्यांचीं सर्व राष्ट्रें केलीं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांस गांवकुसाबाहेर राहावें लागलें, त्यांनीं ह्या साक्षीचा तिरस्कार कां करावा?

७. आपण काय करावें?

शिक्षकांनीं मुलांचे प्रश्न दडपूं नयेत. "हें विचारणें पाप आहे" असें एकदां म्हटलें कीं मूल पुन्हां विचारीत नाहीं, आणि पुढें उपासनेसही येत नाहीं. ज्या गोष्टीचें ज्ञान विज्ञानास अजून झालें नाहीं, तेथेंच देव आहे असें सांगूं नये. कारण उद्यां तें ज्ञान झालें म्हणजे देवास तेथून हलवावें लागेल. तसेंच शास्त्रज्ञांनीं एखादें मत पालटलें कीं टाळी वाजवूं नये. गवत हें महाकाय सरड्यांच्या काळानंतरचें, असें मानीत. २००५ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांत पिसदुरा येथील दगड झालेल्या शेणांत गवताचे कण सांपडले व तें मत सोडावें लागलें. चूक कबूल करून सुधारणें हें खोटेपणाचें लक्षण नसून सत्यावरील प्रेमाचें लक्षण आहे, आणि तें मंडळींतही असावें.

विद्यार्थ्यांनीं आपला अभ्यास मन लावून करावा, उत्तरपत्रिकेंत शिकलेलें तें प्रामाणिकपणें लिहावें, आणि रात्रीं गुडघे टेकतांना लाजूं नये. ज्या मुलाचें मन गोंधळलें असेल त्यानें एकट्यानें न झुरतां आपल्या पाळकाकडे यावें. आणि पाळकानें उत्तर देण्यापूर्वीं त्याचें पुरतें ऐकून घ्यावें.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत देवाविषयीं काय शिकविलें आहे? त्यांपैकीं कोणती गोष्ट पृथ्वीच्या वयावर अवलंबून आहे?

२. ईयोबास देवानें सिंहीण व गरुडाचीं पिलें कां दाखविलीं असावीं?

३. आपल्या मंडळींतील एखादा तरुण ह्या प्रश्नामुळें दूर गेला आहे काय? त्याच्या घरीं ह्या आठवड्यांत कोण जाईल?